सरळ रस्त्याचे खड्डे

मुलगी गणपतीत पुण्याहून घरी आली होती. रविवारी पहाटे उठून तिने पार्किंगमधली जुनी रॅले सायकल काढली, मागच्या चाकात हवा भरली आणि राजवाड्यापर्यंत जाऊन पोहे-जिलबी खाऊन परत आली. इंदूरला आल्यावर पहिला रविवार असाच घालवायचा हा तिचा नेम. चपला काढता काढता म्हणाली, "बाबा, ही सायकल सरळ जायचा हट्ट करते आणि धड सरळ जातही नाही." माझी आई देवासमोर वाती वळत बसली होती. ती तिथूनच म्हणाली, "तुझ्या आजोबांची आहे ना ती." दोघी हसल्या. मीही हसलो, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. हँडल मध्यावर आलं की हाताला एक बारीकसा खटका लागतो, हे मला चांगलं ठाऊक होतं. ती मी सायकलची खोड समजत होतो, एखाद्याला बोलता बोलता डोळे मिचकावायची सवय असते तशी. खोड आवडते म्हणून आपण तिला दुखणं म्हणत नाही. नव्याने येणारा माणूस मात्र लगेच विचारतो, यांना काही होतंय का?

दुपारी खाली जाऊन पुढचं चाक उचलून धरलं आणि दुसऱ्या हाताने हँडल हळूहळू फिरवलं. डावीकडून येताना छान सैल, उजवीकडून येताना तसंच, आणि बरोबर मध्यावर टक्. तिथून पुढे ढकलायला जरा जोर लावावा लागला. हँडल सोडून दिलं तर आपल्या वजनाने एका बाजूला कलायला हवं होतं. ते त्या खाचेत जाऊन गप्प बसलं. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवून पाहिली, तेव्हा ठकठक आली नाही. म्हणजे ढिली नव्हती, कसणंही बरोबर होतं. आत काहीतरी कायमचं बसून गेलं होतं.

या सायकलचं घराणं सांगायला हवं. माझ्या आजोबांनी ती इंदूरजवळच्या महूच्या लष्करी छावणीतून आणली. 1947 साली मायदेशी निघालेल्या कुणा गोऱ्या साहेबाने विकली अशी घरातली कथा आहे, आणि किंमत सांगणाऱ्यागणिक बदलते. काकांच्या कथेत साहेबाने ती बक्षीसच दिली होती. नॉटिंगहॅमची अस्सल रॅले, पुढच्या दातेरी चकतीत कोरलेले बगळे, सळयांचे ब्रेक, आणि रंग मुळात काळा असावा असं म्हणता येईल इतपत. पुढच्याच वर्षी होळकरांचं राज्य मध्य भारतात विलीन झालं, आजोबांच्या कचेरीवरची पाटी बदलली, आणखी आठ वर्षांनी मध्य प्रदेश झाला, पाटी परत बदलली. आजोबा त्याच सायकलवरून त्याच कचेरीत जात राहिले. त्यांच्यानंतर ती अण्णांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे आली.

अण्णा मिलच्या टाइम ऑफिसात होते. रामबागेतला आमचा वाडा ते मिल, आणि मिल ते वाडा. भोंगा व्हायच्या आत पोचायचं, कारण इतरांच्या उशिराची नोंद करणाऱ्याला स्वतः उशीर करून चालत नाही. वाटेत कुणी ओळखीचं दिसलं तर ते हात करत नसत, नुसती मान हलवत. हँडलवरचा हात उचलला तर वेळ जातो असं काही त्यांचं गणित असावं. शाळेला सुट्टी असली की कधी कधी ते मला दांडीवर बसवून मिलच्या फाटकापर्यंत नेत आणि तिथून मी एकटा चालत परत येई. दांडीला टॉवेल गुंडाळलेला असे, तरी मांडीला वळ उठायचे. माझे हात हँडलच्या मधल्या भागावर, त्यांचे दोन्ही बाजूंच्या मुठींवर, आणि डोक्यावर त्यांचा श्वास. त्यांच्या शर्टाला कापसाचा आणि मशीनच्या तेलाचा वास यायचा, खरं तर ऑफिसात बसणाऱ्या माणसाला तो यायचं कारण नव्हतं. तेव्हा माझ्या तळव्याखाली तो खटका होता का? पुष्कळ आठवून पाहिलं. टॉवेल आठवतो, वळ आठवतात, खटका आठवत नाही.

वर्षातून एका रात्री मात्र ही सायकल वाकडीतिकडी चालायची. अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या, म्हणजे रोषणाईचे चित्ररथ, निघत, आणि अण्णा मला कॅरिअरवर उभं करून, माझे हात आपल्या खांद्यांवर ठेवून, सायकल हाताने ढकलत गर्दीतून नेत. दर दोन पावलांना हँडल इकडे, मग तिकडे. कुणाच्या धोतरात मडगार्ड, कुणाच्या पायावर चाक. अण्णा सगळ्यांची माफी मागत पुढे सरकत. दिव्यांचे हत्ती, फिरणारे कृष्ण, पाण्याची कारंजी, आणि मागून आखाड्यांचे पट्टा फिरवणारे. एरवी रस्त्यात न थांबणारा हा माणूस त्या रात्री पहाटेपर्यंत थांबून थांबूनच चालायचा.

1991-92 च्या हिवाळ्यात मिल बंद झाली. अण्णा मग इंदूरच्याच छावणी भागातल्या धान्याच्या एका पेढीवर हिशेब लिहायला जाऊ लागले. रस्ता बदलला, सायकल तीच.

दुरुस्तीसाठी आधी घराजवळच्या मोठ्या दुकानात गेलो. काचेचं दार, एसी, भिंतीवर उलट्या टांगलेल्या गिअरच्या सायकली. मुलगा नम्र होता. त्याने हँडल फिरवलं, खटका त्याच्याही हाताला लागला, आणि त्याने मला समजावून सांगितलं की आता चिमट्याच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दुबेळक्याच्या, दांड्याला आटेच नसतात. दांडा जाड, सव्वा इंचाला जरा कमी, बेअरिंग बंद डबीतलं, वरून एक झाकण कसलं की काम झालं. आमचा एक इंची, आट्यांचा, सुट्या छर्ऱ्यांचा, म्हणजे पोलादी गोळ्यांचा, प्रकार त्याने व्हिडिओतच पाहिला होता. मग म्हणाला, "अंकल, इसको तो कोई कॅफेवाला अच्छे दाम में ले जाएगा।" हे मात्र मला लागलं. जुन्या सायकलीला पिवळा रंग फासून, कॅरिअरमध्ये कुंडी ठेवून दाराशी उभं करण्याची जी टूम सध्या आली आहे तिच्याबद्दल माझं मत फारसं छापण्यासारखं नाही. भंगारात गेलेली सायकल निदान वितळून दुसरं काही होते.

इमली बाजाराच्या अंगाला, आमच्या जुन्या वाड्यापासून जवळच, एक उस्ताद अजून बसतात. दुकान म्हणजे लाकडी पेटी, पंप, पाण्याची लोखंडी घमेली आणि वर ताडपत्री. त्यांनी सायकल पाहिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "रामबाग वाली रॅले।" मग चाक उचललं, हँडल एकदाच फिरवलं. "हेड फिटिंग गई, भिया। नीचे की कटोरी में छर्रों ने घर कर लिया।" हेड फिटिंग म्हणजे हँडल आणि चिमटा ज्यावर फिरतात तो कटोऱ्या-छर्ऱ्यांचा संच.

उघडायला वेळ लागला. आधी ब्रेकच्या सळया सोडवल्या, मग हँडलचा मधला बोल्ट चार-दोन फेरे ढिला करून त्याच्या माथ्यावर हातोडीचा एक नेमका टोला दिला. आत दांड्यात ताणून बसलेली पाचर सुटली आणि हँडल उपसून वर आलं. त्यानंतर वरची चेकनट, वॉशर, मग आट्यांची वरची कटोरी. ती सोडवताना उस्तादांनी खाली फडकं पसरलं होतं. चिमटा हळूच खाली ओढला आणि छर्रे टपटपत फडक्यावर पडले. ग्रीस म्हणून जे उरलं होतं ते काळं, वाळलेलं, मधे मधे गंजाने तांबूस. वास विचित्र होता, जुन्या कुलपाचा वास. उस्तादांनी दोन्ही कटोऱ्या रॉकेलमध्ये बुडवून फडक्याने पुसल्या आणि उजेडात धरल्या. वरची बरीच बरी होती. खालच्या कटोरीत आणि चिमट्याच्या खांद्यावर बसणाऱ्या कड्यात, छर्रा जिथे जिथे टेकतो तिथे तिथे एकेक गोल खळगा पडलेला. सगळे सारख्या अंतरावर, सगळे सारखे, मण्यांची माळ कुणी ओल्या मातीत दाबून उचलून घ्यावी इतके रेखीव. नखाने चाचपले तर नख अडत होतं.

"रोड के गड्ढों से होता है," उस्ताद म्हणाले. सगळे हेच म्हणतात आणि मीही हेच धरून चाललो होतो. रस्त्यातला खड्डा चाकावर आदळतो, दणका चिमट्यातून वर येतो, छर्रा कटोरीत रुततो. पोलादी गोळी धातूवर दाबून पडलेल्या खळग्याच्या मापावरून त्या धातूचा टणकपणा काढायची रीत स्वीडनच्या ब्रिनेल नावाच्या इंजिनिअरने 1900 साली दाखवली, तोच हा प्रकार, असं वाटणं साहजिक आहे. पण रात्री वाचत बसलो तेव्हा भलतंच समोर आलं. निव्वळ दणक्याने असे खळगे पडायचे तर जोर कितीतरी जास्त लागेल. त्याआधी रिम वाकेल, चिमटा वाकेल. खरं कारण जास्त कंटाळवाणं आहे. सायकल सरळ चालते तेव्हा हँडल जवळजवळ फिरतच नाही. फिरत नाही म्हणून छर्रेही घरंगळत नाहीत, आपापल्या जागी बसून राहतात. वरून वजन, खालून रस्त्याची सतत थरथर. छर्रा आणि कटोरी यांच्यामधलं ग्रीस हळूहळू बाजूला सरकतं, धातूला धातू लागतो, आणि प्रत्येक थरथरीबरोबर छर्रा केसाएवढा मागेपुढे घासत राहतो. पोलादाचे अतिसूक्ष्म कण एकमेकांना चिकटतात, तुटतात, गंजतात. वर्षानुवर्षं. ते खळगे सरळ मध्यावरच पडतात, कारण माणूस सरळ जाण्यातच सगळा वेळ घालवतो.

म्हणजे खड्डे रस्त्याचे नव्हतेच.

दुसऱ्या दिवशी मी हे उस्तादांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मतलब जो सीधा चलेगा, उसकी जाएगी?" हो म्हटलं. "और दूधवाला, जो हर घर पे मुड़ता है, उसकी नहीं जाएगी?" कमी जाईल, मी म्हटलं. त्यांनी समोरून जाणाऱ्या एका सायकलस्वाराकडे पाहिलं, जणू त्यालाच विचारून खात्री करून घ्यावी. मग म्हणाले, "दूधवालों का बाकी सब चला जाता है, भिया। कटोरी तक नौबत ही नहीं आती।" या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

मुलीच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग, धड सरळ जातही नाही, हाही त्या वाचनात उलगडला. सायकल उभी राहते ती सतत पडता पडता सावरून. डावीकडे कलली की पुढचं चाक जरासं डावीकडे वळतं आणि ती परत स्वतःच्या खाली येते. लगेच उजवीकडे, परत डावीकडे. आपल्याला कळतही नाही इतकं बारीक. चाकं भोवऱ्यासारखी फिरतात म्हणून सायकल उभी राहते असं आम्हाला शाळेत सांगितलं होतं. 2011 साली डेल्फ्ट आणि कॉर्नेल विद्यापीठांच्या संशोधकांनी तो भोवऱ्याचा परिणाम काढून टाकलेली सायकल बनवली आणि तीही एकटी, स्वाराशिवाय, तोल सांभाळत चालली. पडण्याच्या बाजूला आपोआप वळणं महत्त्वाचं निघालं. 1817 साली मानहाइमच्या कार्ल फॉन ड्राइसने पहिली दुचाकी बनवली तिला पायडल नव्हतं, पायांनी जमीन ढकलत जायचं, पण पुढचं चाक वळवायची सोय होती. पायडल यायला पुढे चाळीसेक वर्षं गेली. आधी वळणं, मग वेग. आमच्या सायकलचं हँडल मध्यावर अडकत होतं, तेव्हा हे बारीक सावरणं तिला जमत नव्हतं. थोडं कललं तरी खाच सोडेना, आणि सोडली की जरा जास्तच वळे. इतकी वर्षं ते सावरण्याचं काम माझे खांदे करत होते. त्याआधी अण्णांचे. हँडलवरचा हात ते का उचलत नसत, याचं एक अगदी साधं कारण आता मला मिळालं आहे आणि ते घरात कुणाला सांगावं की नाही हे ठरत नाही. आईच्या मनात त्याची कारणं वेगळी आहेत, आणि तीच बरी आहेत.

पुढचा प्रश्न सामानाचा होता. बाजारात मिळणारी नवी फिटिंग उस्तादांनी लावून पाहिली, तर वरची कटोरी दोन फेरे चढली आणि घट्ट झाली. "चूड़ी अलग है।" रॅलेच्या दांड्याला इंचाला 26 आटे, बाहेर बहुतेक सगळीकडे एक इंची दांड्याला 24. दोनच आट्यांचा फरक, पण पाना लावून जबरदस्ती केली तर दांड्याचे आटे कायमचे जायचे. शेजारच्या वेल्डिंगवाल्या पोराने सांगितलं, चिमटाच नवा टाका, फिटिंगसकट, अर्ध्या तासाचं काम. हा सल्ला चुकीचा नव्हता. स्वस्त पडला असता, सायकल उत्तम चालली असती. उस्तादांनी कटोरी उलट फिरवून काढून घेतली, आट्यांवरून नख फिरवून पाहिलं आणि नवी फिटिंग परत पुडीत बांधली. "ऊपर की तो ठीक है," ते स्वतःशीच म्हणाले, "नीचे चूड़ी होती ही नहीं।"

मला क्षणभर समजलं नाही, मग समजलं. आटे फक्त वर असतात. खालची कटोरी फ्रेमच्या नळीत दाबून बसवायची आणि कडं चिमट्याच्या खांद्यावर ठोकून बसवायचं. सगळं वजन खालच्या जोडीवर, म्हणून झिजते तीही खालचीच. वरचं मूळचं सामान तसंच ठेवून खालचं तेवढं बदलायचं. फक्त माप जुळायला हवं.

त्यासाठी सियागंजात गेलो. सियागंजच्या गल्ल्यांत दुपारी चालणं म्हणजे हातगाड्या, पोती, लोखंडी कड्यांचे ढीग आणि "बाजू, बाजू" यांतून अंग चोरत सरकणं. एका बोहरा दुकानदाराने जुनी कटोरी हातात घेतली, चष्मा कपाळावर चढवला, अंगठ्याने कड चाचपली आणि पोराला माळ्यावर पाठवलं. पोराने एकामागून एक डबे खाली दिले. तेलकट कागदात गुंडाळलेल्या कटोऱ्या, काहींवर अजून कारखान्याचं मेण. दुकानदार प्रत्येक जोडी जुन्याला लावून कॅलिपरने मोजत होता आणि नाही म्हणताना जरा खिन्न होत होता. शेवटी एक जोडी मापात आली. पैसे किती विचारले तर त्याने डब्यावरची पुसट किंमत पाहिली, हसला आणि स्वतःच्या मनाने एक आकडा सांगितला. दोन्ही आकड्यांच्या मधे माझा सगळा जन्म होता. घासाघीस केली नाही.

बसवणं मी शेजारी स्टुलावर बसून पाहिलं. जुनी कटोरी आधीच काढताना उस्तादांनी वरून सळई घालून एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला हलके टोले दिले होते. एकाच बाजूला मारलं तर ती तिरकी अडकते आणि नळी फाकवते. नवी बसवायला मात्र हातोडी घेतली नाही. लांब आट्यांचा रॉड नळीतून घातला, दोन्ही टोकांना जाड वॉशर आणि नट, आणि नट थोडाथोडा आवळत कटोरी आत ओढून घेतली. चिमट्याचं कडं ठोकायला कुठल्यातरी मेलेल्या सायकलच्या नळीचा तुकडा त्यांनी जपून ठेवला होता, दांड्यावरून बरोबर खाली जाणारा. त्याचा आवाज ते ऐकत होते: आधी पोकळ, मग जरा भरीव, मग एकदम घण. "बैठ गया।" मग कटोरीभर पिवळं ग्रीस आणि त्यात एकेक नवा छर्रा, 5/32 इंची, बोटाने चिकटवत. जाळीतले छर्रे मी आणले होते, ते त्यांनी बाजूला सारले. सुटे जास्त मावतात, वजन वाटून जातं. वरच्या कटोरीतही सुटेच भरले, म्हणजे तिथे जे काही हलके ठसे असतील त्यांत छर्रे जुळून बसणार नाहीत. शेवटी चेकनट. इथे त्यांनी सगळ्यात जास्त वेळ घेतला. जरा कसायचं, चाक उचलायचं, हँडल सोडून द्यायचं, ते कसं कलतं ते बघायचं. परत पाव फेरा ढिलं. जास्त घट्ट झालं तर पुन्हा तेच दुखणं लवकर येणार, सैल राहिलं तर ठकठक.

घरी येताना मी दोनदा कडेच्या गाड्यांवर जाता जाता वाचलो. हँडल इतकं हलकं झालं होतं की हात नुसता जड केला तरी सायकल त्या बाजूला निघे. खांदे सवयीने ती खाच शोधत होते आणि खाच नव्हती. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी, म्हणजे होळकरांच्या समाध्यांपाशी, उतरून थोडं चालत गेलो. बरं वाटत होतं असं म्हणायला हवं, नीट झालेली वस्तू हातात असली की वाटतं तसं. आणि तरी कुणाचा तरी आवाज घरातून गेल्यासारखं काहीतरी होतं. मुलीला व्हिडिओ पाठवला, चाक उचलून हँडल झोके घेताना. तिने अंगठा पाठवला.

जुनी कटोरी आणि कडं मी घरी आणून कपाटात ठेवलं. आईने पाहिलं. "हे काय?" सांगितलं. ती हातात घेऊन बराच वेळ त्या खळग्यांवरून बोट फिरवत राहिली, आणि मला वाटलं आता काहीतरी बोलेल. म्हणाली, "अण्णांनी कधी जुनं टायर तरी ठेवलं होतं का? नवीन घालायचे आणि जुनं तिथल्या तिथे देऊन टाकायचे." हे खरं आहे. जुन्या गोष्टी राखणं हा अण्णांचा स्वभावच नव्हता, सायकल ते राखत कारण ती चालत होती. त्या खळग्यांत कुठले आजोबांचे, कुठले अण्णांचे, कुठले माझे, हे सांगायला काही मार्ग नाही, आणि तसा तो असता तरी काय केलं असतं. पुढच्या रद्दीबरोबर आईने ते दोन्ही देऊन टाकलं. मला नंतर कळलं. राग आला, मग गेला.

काही दिवस चालवल्यावर नवी कटोरी थोडी बसते आणि फिटिंग ढिली होते, तेव्हा एकदा कसून घ्या, असं उस्तादांनी सांगितलं होतं. त्याप्रमाणे गेलो. त्यांनी चेकनट जरासा आवळला, हँडल सोडून पाहिलं, आणि समाधानाने मान हलवली. मग सवयीने मागचं चाक उचलून पायडल उलट फिरवलं आणि कान लावला.

"पीछे के कुत्ते घिस गए हैं, भिया," म्हणाले, म्हणजे फ्री-व्हीलमधले खटके. "फ्री-व्हील खोलना पड़ेगा। आज नहीं, दिवाली बाद लाना।"